बी चोळायचा दिवस

गयाबाई बेलवलीहून रिक्षा करून आल्या. त्या आज काहीतरी ठरवून आल्या आहेत, हे त्या रिक्षातून उतरायच्या आधीच नूतनला कळलं. एरवी त्या आल्या की आधी भावाच्या तब्येतीची चौकशी, मग चहा, मग बेलवलीतल्या यच्चयावत सुनांच्या तक्रारी, असा क्रम ठरलेला असे. आज चप्पल काढता काढताच त्यांनी विचारलं, "सोनिया कुठं हाय?"

"आंघोळीला गेलीय आत्या."

"केस पन धुव म्हनाव. आज बियाला तिचा हात लावायचा."

नूतन अंगणात खाली बसली होती. तिच्यासमोरच्या घमेल्यात भेंडीचं बी होतं. रात्रभर भिजवून पहाटे फडक्यावर निथळत टाकलेलं ते बी ती सावलीत वरखाली करत होती. तिचा हात तिथेच थांबला. सोनिया तिची एकुलती एक मुलगी, बदलापूरला अकरावीत शिकणारी.

"या वर्षीपन मीच चोळते ना," नूतन म्हणाली. "तिला कुठे सवय आहे?"

"तुझा हात बघितला गेल्या वर्षी," गयाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत पडवीत जाऊन बसल्या.

मढवींच्या घरात बी चोळायचं काम बाईचं. त्यातही वाटेल त्या बाईचं नाही, घरातल्या एकीचा हात ठरलेला. खाडीवरची मिठागरं सोडून हे घर बारवी धरणाच्या बाजूला आलं, तेव्हा नूतनच्या सासऱ्याची, हरिचंद्रची आई बियाला राख आणि गोमूत्र चोळायची. त्यात हात घातल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे दुकानातून गुलाबी भुकटीचा डबा आला, डब्यावर विषाच्या खुणेचा लाल त्रिकोण आला, हात मात्र तसाच राहिला. राख गेली तसा रिवाजही जायला हवा होता, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट चोळणारीचे तळवे आठ-आठ दिवस गुलाबी राहायचे आणि बायका ते एकमेकींना कौतुकाने दाखवायच्या. हातमोजे घातले तर बियाला हात लागतच नाही, असं गयाबाईंचं म्हणणं होतं. नवरा गेल्यापासून त्या बेलवलीला मुलाकडे राहत असल्या तरी माहेरात शब्द त्यांचाच चाले.

हरिचंद्रच्या आईनंतर तो हात त्याच्या बायकोचा, मोतीबाईंचा झाला. मोतीबाईंची बोटं वाकडी व्हायला लागली तशी त्यांनी नव्या सुनेला, म्हणजे नूतनला, जवळ बसवून शिकवलं. मूठ भरून घ्यायची, हळू दाबायची, बी फुटता कामा नये. नूतनला तेव्हा आपण घरात मोठ्या झालो असं वाटलं होतं. मग वर्षामागून वर्षं भेंडी चांगली आली. गेल्या वर्षी मात्र सगळ्या शेतावर केवडा रोग पडला. पानं पिवळी, भेंडी पांढरी, बाजारात कुणी हात लावीना. औषधाच्या दुकानदाराने पांढऱ्या माशीचं नाव घेतलं आणि गयाबाईंनी नूतनच्या हाताचं.

नूतनला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. तिला भीती वेगळीच होती. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठल्यावर तिची मूठ वळत नव्हती. चहाचं भांडं ती दोन तळव्यांच्या मध्ये धरून उचलायची. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. धाकट्या दिराची बायको स्वप्नाली तेवढी सगळं जाणून होती आणि तिच्याकडून नूतनने शप्पथ घेतली होती.

*

स्वप्नाली चिखलोलीहून नवऱ्याच्या बाईकवरून आली, तेव्हा तिने वाटेतच ठरवलेलं होतं की आज कुणाच्या भांडणात पडायचं नाही. हेल्मेट काढून ती स्वयंपाकघरात गेली आणि नूतनला परातीपुढे बसलेली पाहून तिचं ठरवलेलं अर्धं तिथेच मोडलं. तांदळाच्या पिठाचा गोळा परातीत तसाच पडला होता आणि नूतन नुसती त्याच्याकडे बघत होती.

"सरका ताई, मी थापते."

"तुला येतात का?"

"गोल नाही येत. पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

या दोन जावा दोन वर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. रस्त्याकडचं शेत विकून स्वप्नालीच्या नवऱ्याने, कल्पेशने चिखलोलीत फ्लॅट घेतला, तेव्हा 'तांदूळ पिकायचा तिथे आता लिफ्ट येणार' असं नूतन चारचौघांत म्हणाली होती आणि स्वप्नालीने ते मनात ठेवलं होतं. मग गेल्या ऑगस्टमध्ये एका दुपारी नूतनचा फोन आला. 'तुझ्या ओळखीत सांध्यांचा डॉक्टर आहे का गं? घरात बोलू नको.' स्वप्नालीने ऑफिसमधून हाफ डे घेतला. बदलापूरच्या त्या दवाखान्यात दोघी बाकावर शेजारी बसल्या आणि अबोला तिथे आपोआप संपला.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, बोटं दाबून पाहिली आणि सांगितलं की हा साधा वात नाही. शरीराचं रक्षण करणारी ताकदच आपल्या सांध्यांवर उलटते, असा हा आजार आहे. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर बोटं वाचतात. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे? मिश्री लावता का? शेतात औषध कोण मारतं?

"औषध हे मारतात," नूतन म्हणाली होती. "मी फक्त बादलीत कालवते. काडी मिळाली तर काडीनं, नाहीतर हातानं. दुसऱ्या दिवशी सकाळी भेंडी खुडते. त्यांचे कपडे धुते. आणि वर्षातून एकदा बी चोळते."

"फक्त," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि काही वेळ लिहीतच राहिल्या. मग म्हणाल्या, "या औषधांमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. एवढी खात्री कुणालाच नाही. पण अशा औषधांत सतत हात असणाऱ्यांना हा धोका जास्त असावा, असं दिसायला लागलंय. म्हणून हात घालणं आजपासून बंद."

आज स्वप्नालीने पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या बाहेर काय बोलतायत ते ऐकलं मी. ताई, आता तरी सांगा. नाहीतर मी सांगते."

"तू शप्पथ घेतलीयस."

"शप्पथ तुमच्यापुरती होती. सोनियाचं कुठे काय ठरलेलं?"

"सांगितलं तर काय होईल माहितीये ना तुला?" नूतनचा आवाज चढला, मग तिने तो मुद्दाम खाली आणला. "आत्यांच्या कानावर गेलं म्हणजे संध्याकाळपर्यंत बेलवलीला कळलं. आजीचे हात गेले, आईचे गेले, म्हणजे पोरीचेपण जाणार. उद्या तिला सून कोण करून घेईल?"

"आणि नाही सांगितलं तर तिचा हात त्या भुकटीत जाईल."

"एका वर्षानं काय होतंय?"

"तुमचंपण पहिलं एकच वर्ष होतं ना?"

 भाकरी एका बाजूने करपली आणि स्वप्नालीने ती तशीच उलटली.

*

हरिचंद्रला बी चोळायचा दिवस सणासारखा वाटे. भात कापून झालेलं असतं, नदीला मोटर लागलेली असते, दोन्ही मुलगे घरी असतात आणि दुपारी वालाची भाजी आणि सुकटीवर सगळे एका पंगतीला बसतात. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. थोरला धर्मेश, नूतनचा नवरा, सऱ्या पाडून नुकताच परतला होता आणि पायाचा चिखल धूत होता. धाकटा कल्पेश चिखलोलीच्या नव्या स्टेशनबद्दल सांगत होता. ते झालं की फ्लॅटची किंमत कशी वाढेल, हे तो गेली तीन वर्षं सांगत होता आणि हरिचंद्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत होता. मोतीबाई भिंतीला टेकून उन्हात बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर, बोटं अंगठ्यापासून दूर वळलेली. घरातल्या सगळ्यांना ते हात इतके सवयीचे झाले होते की आता त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नसे.

सोनिया ओल्या केसांनी बाहेर आली. तिला या सगळ्याची गंमत वाटत होती. "काका, माझा व्हिडिओ काढ हां. पिंक हँड्सवाला. रील टाकायचीय."

"ये, बस इथं," गयाबाईंनी तिला पाटावर बसवलं. धर्मेशने डबा आणून घमेल्याशेजारी ठेवला. हरिचंद्रने समाधानाने मान हलवली. नातीचा हात बियाला लागतोय हे बघायला आई हवी होती, असं त्याच्या मनात आलं.

"सोनिया, हात मागे घे."

नूतन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या मागे स्वप्नाली, पिठाच्या हातांनी.

"काय झालं?" धर्मेश म्हणाला.

"तिनं हात घालायचा नाही. मीपण घालणार नाही." नूतनने श्वास घेतला. "मला आईंसारखंच झालंय. बोटांचं. ऑगस्टपासून गोळ्या चालू आहेत."

 अंगणात सगळे एकदम बोलले. धर्मेशला राग आला तो आधी गोळ्यांचा, की त्या त्याला न सांगता चालू होत्या. मग त्याचा मोर्चा कल्पेशकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"आईशप्पथ नाही! स्वप्ना, तू मला नाही सांगितलंस?"

"ताईंनी नको सांगितलं होतं."

"म्हणजे माझ्या बायकोचं दुखणं तुमच्या बिल्डिंगमध्ये माहीत आणि मला नाही," धर्मेश म्हणाला. तो नूतनकडे बघत नव्हता, तिच्या हातांकडे बघत होता. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"दवाखान्यात नेलं असतं."

"आणि मग बादली कोणी कालवली असती?"

 धर्मेशला तिचं बोलणं लागलं, आणि ते खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं.

गयाबाईंनी पहिल्यांदा सोनियाकडे पाहिलं, मग मोतीबाईंकडे. "हे बघ, वात रक्तातूनच येतो. मोतीच्या मायेरात होताच कोनाला तरी. औषधाचं नाव कशाला घेता? सगला गाव औषध लावतो."

"आत्या, आईंचं आणि माझं रक्त एक नाही," नूतन म्हणाली.  "आईंचं माहेर खाडीकडचं, माझं वांगणीचं. आमच्या दोघींत एकच आहे ते काय? हे घमेलं."

"पण वहिनी, कोइन्सिडन्सपण असू शकतो," कल्पेश म्हणाला. "दोन केसवरून कसं सांगणार?"

"नाहीच सांगता येत. डॉक्टरपण तेच म्हणाल्या. पण त्या म्हणाल्या हात घालू नका. ते तर सांगता आलं ना त्यांना?"

"मग हातमोजे घाल सोनियाला," धर्मेश म्हणाला. "घरात आहेत ना, ते पिवळे?"

"मोजे घालून बी चोळतात?" गयाबाई ताडकन म्हणाल्या. "मग हात कोनाचा लागला? रबराचा! गेल्या वर्षीचा केवरा इसरलास का? बी भिजलंय, आज पेरलं नाय तर उद्या कुजंल. काय करायचं ते आता करा."

सगळ्यांनी हरिचंद्रकडे पाहिलं. त्याला हे आवडलं नाही. आयुष्यभर तो कुणाचंच मन मोडायचं नाही या बेताने जगला होता आणि बहुतेक वेळा त्यातून मोतीबाईंचं मन मोडलं होतं. "बाय म्हनतंय त्यात पन काय तरी हाय," तो बहिणीकडे बघत म्हणाला. "एका दिवसाचं काम. पोरीनं चिमटीचिमटीनं लावलं आनि लगेच साबनानं हात धुतले तर..."

"पप्पा, मी काय करू?" सोनियाने बापाला विचारलं. तिचा हात घमेल्याच्या काठावर होता. आता तिला गंमत वाटत नव्हती.

*

 नूतनच्या तोंडून 'आईंसारखंच' हा शब्द निघाला तेव्हापासून मोतीबाई तिच्या बोटांकडे बघत होत्या. या सुनेशी त्यांचं कधी फार गूळपीठ नव्हतं, भांडणही नव्हतं. पण सकाळी मूठ न वळणं म्हणजे काय, हे त्या अंगणात आणखी एकीला कळतं आणि इतके महिने दोघी एकाच चुलीपुढे गप्प बसल्या होत्या, याचं त्यांना भारी वाईट वाटलं. त्यांनी मनगटांवर भार देऊन स्वतःला उठवलं.

"सोनिया, ऊठ तिथून."

"मोती, तू मधी परू नको," गयाबाई म्हणाल्या.

"मीच परनार. माझेच हात गेलेत." मोतीबाई नणंदेला असं कधी बोलल्या नव्हत्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "धर्मेशचे बा, तुमी घाला हात."

"मी?"

"एका दिवसाचं काम हाय ना? मग तुमी करा."

"बाप्याचा हात लागत नाय बियाला," गयाबाई म्हणाल्या.

"बाप्याच्या हातानं नांगर लागतो, मोटर लागते. बी काय बाप्याला वलखत नाय?"

कल्पेशला हसू आलं. त्याने ते आवरलं, पण हरिचंद्रने ते पाहिलंच. भांडण मिटवायचा हाच एक मार्ग आहे असं त्याला वाटलं असावं. "बरं. बरं, मी घालतो. त्यात काय मोठं?" तो सदऱ्याच्या बाह्या वर करून पाटावर येऊन बसला. गयाबाईंनी तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. भाऊच तो.

धर्मेशने डब्याचं झाकण उघडलं आणि भुकटी बियावर ओतली. उग्र वास वर आला. इतक्या वर्षांत हरिचंद्र या घमेल्याच्या इतका जवळ कधी बसला नव्हता. तो खोकला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने दंडाने पुसलं. मग हात पुढे केला, आणि तहान लागल्यावर पाणी मागावं इतक्या सहज म्हणाला, "हाताला एखादी पिशवी द्या रे."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. गयाबाईंनीच आपल्या थैलीतून, भावासाठी आणलेली संत्री बाहेर काढून, प्लास्टिकची पिशवी रिकामी केली आणि पुढे केली. "हां, घाल बाबा. झोंबतं ते."

हरिचंद्रने पिशवीत हात घातला आणि मनगट बायकोपुढे धरलं. पूर्वी सदऱ्याचं बटण असो की हातातलं घड्याळ, तो असाच हात पुढे करायचा आणि ती लावून द्यायची. "गाठ मार गं जरा."

मोतीबाई खाली बसल्या. पिशवीचे दोन बंद त्यांनी धरायचा प्रयत्न केला. एक धरला की दुसरा सुटत होता. अंगठा बोटापर्यंत पोचतच नव्हता. त्यांनी पुन्हा केलं, मग पुन्हा. नूतन पुढे आली, "द्या आई, मी बांधते," म्हणाली. तिने बंद धरले, एकावर एक घेतले, आणि ओढायच्या वेळी तिचा चेहरा दुखण्याने आक्रसला. गाठ बसली नाही.

हरिचंद्र आपल्या मनगटावरचे चार हात बघत होता. दोन म्हातारे आणि वाकलेले, दोन तरणे आणि सांध्यांवर सुजलेले. बायकोचे हात त्याने रोज पाहिले होते. ते काय करू शकत नाहीत, हे मात्र आज पहिल्यांदा पाहिलं, कारण आज काम त्याचं होतं. त्याला लाज वाटली. इतकी, की मान वर करून समोर उभ्या नातीकडे बघवेना.

"राहू दे," तो म्हणाला. त्याने पिशवी काढली. "धर्मेश, ते बी नेऊन पुरून टाक. लांब, नदीकडे नको. घरात कोरडं उरलंय ना? ते भिजव. उद्या बिनऔषधाचं टाकू."

"आनि उगवलं नाय तर?" गयाबाईंनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात धार नव्हती, नुसती काळजी होती.

"नाय उगवलं तर नाय उगवलं, बाय. आनि हात लावायचा आता कोनीच नाय."

धर्मेशने हातमोजे शोधले, घातले आणि घमेलं उचललं. जाताना तो नूतनपाशी थांबला. बादली यापुढे मी कालवीन, असं काहीतरी पुटपुटला. तिने मान डोलावली. स्वप्नालीने सोनियाला जवळ घेतलं. हरिचंद्रला वाटलं, संपलं एकदाचं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती खूश झाली असेल, निदान बरं तरी म्हणेल, अशी त्याची अपेक्षा होती.

मोतीबाई खालीच बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर ती पिशवी होती आणि त्या रडत होत्या. दुखण्यापायी त्या कधी चारचौघांत रडल्या नव्हत्या. आता त्यांना कुणाचं भान नव्हतं.

"पिशव्या घरात होत्या ओ," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी चोलायची तवा पन होत्या."